शुक्रवारी ऐकू आलेली खटखट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या निजामपुऱ्यात गाडीचं काही बिघडलं, तर ते कानाला कळायला शुक्रवार उजाडावा लागतो. एरवी गल्लीच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग चालू असतात. त्यांच्या खटखटाटात आपल्या गाडीची खटखट कुठं विरून जाते, ते कळतसुद्धा नाही. शुक्रवारी मात्र आमच्या गल्लीतले माग बंद. पावसाळा संपता संपता अशाच एका शुक्रवारी आईला कल्याणला डॉक्टरांकडे न्यायचं म्हणून मी गाडी बाहेर काढली. गल्लीच्या तोंडाशी गटाराच्या झाकणावरून चाक गेलं आणि पुढून, डाव्या बाजूनं, स्वच्छ आवाज आला. खट्. मागचं चाक जाईपर्यंत पुढचा भाग दोनदा-तीनदा वरखाली झाला, पाण्यात होडी हलावी तसा.

गाडी म्हणजे अकरा वर्षांची, सेकंडहँड घेतलेली मारुती अल्टो. आईचं मणक्याचं दुखणं आहे. दर पंधरा दिवसांनी तिला न्यावं लागतं, आणि रिक्षात बसणं तिला सोसत नाही, म्हणूनच ती घेतली. त्या दिवशी राजनोली नाक्याच्या अलीकडे पुढचा कंटेनर थांबला. मी ब्रेक दाबला. वेग काही फार नव्हता, तीस-पस्तीस असेल. गाडीनं एकदम नाक खाली घातलं, पुढची चाकं रस्त्यावर थडथडत राहिली, आणि कंटेनरच्या मागच्या दांडीपासून जेमतेम वीतभर अंतरावर आम्ही थांबलो. आई काहीच बोलली नाही. दाराची मूठ धरून बसली होती, ती कल्याण येईपर्यंत सोडली नाही. ब्रेक तर आठच महिन्यांपूर्वी नवे घातले होते. मग गाडी थांबायला इतकी का कचरली?

दुसऱ्या दिवशी हायवेवरच्या एका वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. तिथल्या माणसानं गाडीला हात न लावता, नुसती एक चक्कर मारून कागद दिला. चारही शॉकअप, दोन्ही लोअर आर्म, माउंटिंग, मजुरी, अलाइनमेंट, सगळे मिळून १५,८०० रुपये. मी प्राथमिक शाळेत मास्तर. तो कागद घडी करून खिशात घातला आणि घरी आलो.

आमच्या समोर एक चाचा राहतात. जन्मभर यंत्रमागाचे जॉबर होते, म्हणजे माग अडला की त्याला पुन्हा चालू करणारा माणूस. त्यांनी कागद वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "मास्तर, त्यानं गाडी दाबून पाहिली का?"

श्रोतेहो, हे 'दाबून पाहणं' अगदी सोपं आहे आणि ते कुणालाही जमेल. गाडीच्या एका कोपऱ्यावर, बॉनेटच्या कडेला, अंगाचा भार टाकून जोरात दाबायचं आणि हात झटकन काढायचा. शॉकअप धड असेल तर गाडी वर येते आणि जागेवर बसते. संपला असेल तर ती दोन-तीन वेळा डोलत राहते. आम्ही चारही कोपरे दाबले. मागचे दोन्ही कोपरे वर आले आणि थांबले. पुढचा उजवा दोनदा डोलला. पुढचा डावा तर मोजावं लागलं इतका. मग चाचांनी मला चाकामागं वाकून हात घालायला सांगितलं. शॉकअपच्या नळीवर तेलाची पुसटशी ओल असली तर घाबरायचं कारण नसतं, पण माझी बोटं तेलानं आणि त्यावर बसलेल्या धुळीच्या लगद्यानं काळी झाली. टायरवरून तळवा फिरवला तर रबर एकसारखं लागत नव्हतं, उंच-सखल, लहरीलहरींनी झिजलेलं होतं. चाक रस्त्याला नीट चिकटून न राहता उड्या मारत चाललं की टायर असा झिजतो.

मग जॅक लावून चाक उचललं, वरून आणि खालून धरून हलवलं. कुठं ढिलेपणा नाही, म्हणजे बॉल जॉइंट ठीक. लोअर आर्म बदलायची गरज नव्हती. आणि ती खट्? ती पुढच्या आडव्या बारला धरून ठेवणाऱ्या रबरी बुशाची निघाली. रबर वाळून, फाटून गेलं होतं. त्याच्या जोडीची किंमत दीडशे रुपये. आवाज एका रोगाचा होता आणि डोलणं दुसऱ्या. आवाजामागं धावणारा माणूस चारही शॉकअप बदलतो, आणि कधी कधी आवाज तरीही तसाच राहतो.

इथं थोडं थांबून हा शॉकअप करतो काय, ते सांगतो. त्याशिवाय माझी गाडी का थांबेना, ते कळायचं नाही. चाचांनी मला ते मागावरूनच समजावलं. मागावर धोटा एका पेटीतून फटका खाऊन दुसऱ्या पेटीत जातो. तिथं तो आपटून उलटा उसळला तर कापडाचा सत्यानाश. म्हणून त्याचा वेग खाऊन टाकायला चामड्याचा पट्टा असतो. गाडीत स्प्रिंग भार उचलते, पण उसळणं हा तिचा स्वभाव आहे. एकदा दाबली की ती वरखाली होतच राहणार. ती उसळी गिळायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं आणि बारीक छिद्रांचा दट्ट्या. दट्ट्या हलायचा तर तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि त्यातच उसळीचा जोर जिरतो, तेल किंचित तापतं. सील फाटून तेल गळालं की दट्ट्याला अडवणारं काही उरत नाही.

ट्रकच्या मागच्या बाजूला पोलादी पाट्यांची कमान असते. तिथं पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच थोडी उसळी मरते. गुंडाळलेल्या स्प्रिंगेला ती सोय नाही. म्हणून शॉकअप गेलेली छोटी गाडी शॉकअप गेलेल्या ट्रकपेक्षा अधिक नाचते. आणि ब्रेकचं म्हणाल, तर ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो तो रस्ता. चाक क्षणभर जरी रस्त्यावरून उचललं गेलं, तरी तेवढा क्षण ब्रेक दाबलेला असून नसल्यासारखा. राजनोलीला माझ्या नव्या ब्रेकचं झालं ते हेच.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढं शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबात बसवलेली असते. तिला स्ट्रट म्हणतात. ही रचना अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरची. दुसऱ्या महायुद्धानंतर तो एका स्वस्त, छोट्या शेव्हरोलेवर काम करत होता. ती गाडी बाजारात आलीच नाही. १९४७ मध्ये तो फोर्डकडे गेला आणि १९५० च्या इंग्लिश फोर्ड कॉन्सल व झेफिर या गाड्यांमधून त्याचा हा खांब रस्त्यावर आला. कमी भाग, कमी जागा, कमी खर्च. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली ती हाच खांब पुढं लावून, आणि मध्यमवर्गाची गाडी म्हणजे मॅकफर्सनचा खांब हे समीकरणच झालं. शॉकअप बनवणारी गॅब्रिएल इंडिया १९६१ ची, तिचा पहिला कारखाना आपल्या मुलुंडला, भिवंडीहून फार लांब नाही. सांगायचा मुद्दा असा की ही वस्तू स्वस्तात आणि सहज दुरुस्त व्हावी अशा हिशेबानंच जन्माला आली आहे. तिला हात लावताना फार भिऊ नये. एक जागा सोडून. तिच्याकडे येतोच.

भाग आणताना मी दोन्ही बाजूंचे आणले. एकाच बाजूचा बदलला तर गाडी एका पायात नवी आणि एका पायात जुनी चप्पल घातल्यासारखी चालते, ब्रेक मारताना एका अंगाला ओढते. दोन शॉकअप ३,५०० रुपये. त्यावरची रबरी माउंटिंग बेअरिंगसकट १,३००. शॉकअपच्या दांडीवर बसणारे रबरी ठोकळे आणि धुळीची टोपणं ५०० रुपये. माउंटिंग जुनंच ठेवावं असा मोह मला झाला होता. पण ते बदलायचं तर हाच सगळा खांब पुन्हा उतरवावा लागतो, म्हणून तिथं हात आखडला नाही. दुकानातून बिल घेतलं, खोक्यावरचा क्रमांक गाडीच्या वर्षाशी ताडून पाहिला. दिसायला सारखे शॉकअप दोन वेगवेगळ्या मॉडेलांचे असू शकतात.

जागेचा प्रश्न चाचांनी सोडवला. आमची गल्ली उताराची, तिथं जॅक लावणं धोक्याचं. त्यांच्या पुतण्याच्या कारखान्याच्या अंगणात पक्का कोबा आहे आणि शुक्रवारी ते रिकामं असतं. गुरुवारी रात्रीच मी शॉकअपच्या खालच्या दोन मोठ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. पावसाळ्यातून निघालेल्या गाडीचे बोल्ट एका रात्रीत थोडे नरमतात. न नरमता पाना ओढला तर बोल्टाचं डोकं गोल होतं, आणि मग दिवस गेलाच म्हणून समजा.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले, मग जॅक. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, हे मी वाचलेलं होतं, तरी विटा रचू या असं म्हणालोच. चाचांनी एक वीट उचलली आणि कोब्यावर टाकली. तिचे तीन तुकडे झाले. बाकी काही बोलले नाहीत. मी जाऊन ११०० रुपयांचे दोन लोखंडी टेकू घेऊन आलो. सगळ्या खर्चात मला सर्वांत जड वाटलेले पैसे हेच, आणि आज विचाराल तर सर्वांत योग्य जागी गेलेलेही हेच.

पुढचं काम ऐकायला वाटतं त्याहून साधं आहे. ब्रेकची रबरी नळी शॉकअपच्या पट्टीला एका खिट्टीनं अडकवलेली असते. खिट्टी काढून नळी बाजूला केली. नळीचा जोड मात्र उघडायचा नाही, नाहीतर ब्रेकमध्ये हवा शिरते. नव्या गाड्यांत तिथून एबीएसची वायरही जाते, तीही हलकेच सोडवून घ्यावी लागते. खालच्या दोन बोल्टांच्या जागी खडूनं खूण केली, कारण चाकाचा कल त्यावर थोडा अवलंबून असतो. बोल्ट काढताना चाकाचा भाग सुतळीनं वर बांधून ठेवला. तो बाहेर लोंबकळला तर ब्रेकच्या नळीवर ताण येतो आणि ॲक्सलचा आतला जोड निसटू शकतो. मग बॉनेट उघडून वरच्या उंचवट्यावरचे बाजूचे नट सोडवले आणि अख्खा खांब खाली हातात आला. पहिल्या बाजूला दोन तास लागले. दुसरी पाऊण तासात झाली.

आता ती एक जागा. खांबाच्या माथ्यावर मधोमध एक मोठा नट असतो. बाजूचे नट आणि हा मधला नट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाजूचे नट खांबाला गाडीशी धरतात. मधला नट दाबून बसवलेल्या स्प्रिंगेला धरून ठेवतो. अल्टोसारख्या सातशे-साडेसातशे किलोच्या गाडीतही पुढच्या एका स्प्रिंगेवर दोनशे किलोच्या आसपास भार असतो. गाडी उचलली तरी स्प्रिंग पूर्ण सैल होत नाही, खांबात ती दाबलेलीच असते. तो नट तसाच उघडला तर स्प्रिंग, माउंटिंग, वाटी, जे काही वर आहे ते तोंडावर येतं. ती आधी दाबून धरायला दोन आकड्यांचे लांब स्क्रू मिळतात. मी ते एका ओळखीच्या फिटरकडून उसने आणले होते. दोन्ही बाजूंनी लावले, आळीपाळीनं पिळत गेलो. स्प्रिंग आखडत होती. अर्ध्यावर आल्यावर एका बाजूचा आकडा स्प्रिंगेच्या वेटोळ्यावरून बोटभर सरकला. टण् असा आवाज झाला. एवढंच झालं, पण माझे हात थरथरायला लागले. चाचा बाजूला उभे होते ते म्हणाले, "बस्स. सोडवा हळूहळू. हे आपलं काम नव्हे."

आम्ही स्क्रू उलटे फिरवून स्प्रिंग पुन्हा सैल केली, दोन्ही खांब आणि नवे भाग पोत्यात घातले आणि स्कूटरवरून अंजूरफाट्याच्या बाजूला एका गॅरेजात नेले. तिथं भिंतीला ठोकलेलं स्प्रिंग दाबायचं यंत्र होतं. एका खांबाचे दीडशे, दोन्हींचे तीनशे रुपये. घरी गाडी उतरवणं-चढवणं आपण करायचं आणि मधला हा अर्धा तास विकत घ्यायचा, ही वाटणी मला कुणी आधी सांगितली असती तर तो टण् ऐकावा लागला नसता. म्हणून तुम्हाला सांगतो आहे. उसने स्क्रू वापरून लोक हे काम करतात, नाही असं नाही. ज्यांनी ते शिकून केलं आहे त्यांनी खुशाल करावं.

पण गॅरेजला जाण्याआधी माझ्या हातून एक मूर्खपणा होऊन गेला होता, तो लपवत नाही. नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा दाबून-ओढून घ्यायचा असतो, म्हणजे आडवा पडून आत अडकलेली हवा वर निघून जाते. मी दाबला, दांडी आत गेली, वर ओढायला बोटांची पकड बसेना. म्हणून शेजारची पक्कड उचलली आणि त्या चकचकीत दांडीला घट्ट धरून ओढली.

"अरे मास्तर, ठेवा ती पक्कड!" चाचा ओरडले, पण उशीर झाला होता. दांडीवर केसाएवढा ओरखडा होता, नख फिरवलं तर अडकत होतं. ती दांडी दिवसातून हजारो वेळा रबराच्या सीलमधून आत-बाहेर होणार. प्रत्येक वेळी तो ओरखडा सील थोडं थोडं कापणार. चार-सहा महिन्यांत तेल बाहेर. तो शॉकअप बाद करून १,७५० रुपयांचा दुसरा आणावा लागला. दुकानदारानं 'काय झालं' असं विचारलं. मी 'काही नाही' म्हणालो.

संध्याकाळी दोन्ही खांब गाडीत बसले. बोल्ट खडूच्या खुणेवर आणले, गाडी जमिनीवर उतरवून शेवटचा जोर दिला, गाडी पुन्हा दाबून पाहिली. वर आली आणि थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी ४०० रुपये देऊन चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. खडूची खूण कितीही नीट असली तरी हे टाळू नये. स्टिअरिंग सरळ असूनही चाकं किंचित तिरकी राहिली तर नवा टायर काही महिन्यांत एका कडेनं खलास होतो आणि वाचवलेले सगळे पैसे टायरवाल्याकडे जातात.

आता हिशेब. शॉकअप, बाद झालेला धरून ५,२५०. माउंटिंग १,३००, ठोकळे आणि टोपणं ५००, बुश, दोन नवे बोल्ट आणि गंजाचं तेल मिळून ३००, स्प्रिंगचे ३००, अलाइनमेंट ४००, टेकू ११००. एकूण ९,१५० रुपये. मागाहून मी दुसऱ्या एका मेकॅनिकला सहज विचारलं, फक्त पुढचे दोन बदलायचे किती घेशील? तो म्हणाला, सामानासकट साडेनऊ हजार. म्हणजे शुक्रवारचा अख्खा दिवस, काळे झालेले हात आणि आठवडाभर दुखणारा खांदा यांच्या बदल्यात मी वाचवले साडेतीनशे रुपये! पक्कड उचलली नसती तर दोन हजार शंभर. टेकू आता घरचेच आहेत, तेव्हा पुढच्या वेळी आणखी अकराशे.

पण १५,८०० च्या कागदापासून साडेनऊ हजारांपर्यंत जे अंतर आहे, ते पाना हातात घेऊन वाचलेलं नाही. ते गाडी दाबून, वाकून, हात काळे करून पाहिल्यामुळं वाचलं, आणि त्या पाहण्याला अर्धा तास लागला आणि एक पैसा लागला नाही. मागचे दोन शॉकअप आणि दोन लोअर आर्म धडधाकट होते. ज्यांना पाना धरायचा नाही त्यांनी तो धरू नये, मेकॅनिककडून करून घ्यावं. पण गाडी तेवढी आपण दाबून पाहावी, आणि कागद देणाऱ्याला विचारावं, कुठला भाग झिजला आहे तो मला दाखवा. चांगला मेकॅनिक असेल तर तो आनंदानं वाकून दाखवतो, असा माझा आताशाचा अनुभव आहे.

पुढच्या शुक्रवारी, शंभरएक किलोमीटर झाल्यावर, सगळे नट पुन्हा तपासले. डावीकडचा खालचा एक बोल्ट पाव आटा फिरला, बाकीचे जागेवर होते. मग आईला घेऊन कल्याणला निघालो. राजनोलीला गर्दी होती. कोनगावपाशी तिनं विचारलं, "आज रस्ता दुरुस्त केलाय का रे?" रस्ता तसाच होता. दुर्गाडीच्या पुलावर पाहिलं, तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

मागचे शॉकअप अजून जुनेच आहेत. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी ते दाबून पाहतो. चाचांच्या मते होळीपर्यंत चालतील.